जायफळाचे दोन वेढे

१६ मे १९५८, शुक्रवार. सकाळपासून मी पडवीत रातांबे फोडायला बसले होते. चार टोपल्या आल्या होत्या, आणि पिकलेला रातांबा कुणासाठी थांबत नाही. आज फोडला नाही तर उद्या त्याला पाणी सुटतं. सालं एका परातीत, बिया आणि गर दुसऱ्या परातीत. सालं त्याच रसात बुडवून उन्हात टाकायची, वाळली की पुन्हा बुडवायची, असं पाच-सात वेळा केलं की आमसूल होतं. समोर रंगूनवाली बसली होती. तिचे हात माझ्यापेक्षा जलद चालत. पण त्या दिवशी दर चार रातांब्यांमागे ती एकदा मान वर करून कुंपणाच्या बेड्याकडे बघत होती.

तिचा मुलगा रोज सकाळी आठ वाजता माझ्याकडे औषधाला यायचा. नऊ वाजून गेले होते.

"येईल," मी म्हटलं.

"आठला येतो," ती म्हणाली.

तो का आला नाही, हे मला तिच्याआधी समजलं होतं. मी रातांबे फोडत राहिले.

आमच्या वाडीत तिला सगळे रंगूनवाली म्हणत. मी भाबी म्हणत असे. आमच्या शेजारच्या घरातला धाकटा मुलगा बोटीवर नोकरीला होता. लढाईच्या आधी रंगूनला त्याचं बस्तान होतं, तिथेच त्याने हिच्याशी लग्न केलं. हिचा बाप आपल्याच इकडचा खलाशी, आई तिथली. बेचाळीस साली रंगूनवर बॉम्ब पडले तेव्हा नवरा समुद्रावर होता. ही आठ वर्षांच्या मुलाला घेऊन लोकांच्या लोंढ्याबरोबर निघाली. डोंगरातून चालत, मग होडी, मग आगगाडी, मग बोट, असं करत तीन महिन्यांनी ती रत्नागिरीच्या बंदरात उतरली. सासरच्या माणसांनी तिला त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. तिच्या अंगावर लुंगी होती आणि काखोटीला फडक्यात बांधलेली दगडी सहाण.

त्या सहाणेवरून वाडी कित्येक वर्षं हसत होती. लोकांनी रंगूनहून सोनं आणलं, हिने दगड आणला. तिच्याकडच्या बायका एका झाडाची साल उगाळून गालांना लावतात, त्याची ती सहाण. इकडे ते झाड नाही, आणि गालाला काही फासलेलं सासूला चालणार नव्हतं, म्हणून सहाण पडूनच राहिली. मी एकदा तिला विचारलं, एवढं ओझं कशाला आणलंस? ती म्हणाली, "सोनं आणणाऱ्यांचं सोनं वाटेत गेलं, वैनी. दगडाकडे कुणी बघितलं नाय."

मी या बाईला ओळखते ती अशी. सासू गेली, दीर मुंबईला गेले, नवरा वर्षातून एकदा महिनाभर घरी. तिने वर्षभरात भाषा शिकून घेतली, लुंगी सोडून लुगडं नेसायला लागली, काजू फोडले, सुकी मासळी बांधली, माझ्याकडे रातांब्यांना आली. कुणाच्या दारात रडत बसलेली मी तिला पाहिली नाही. माझे यजमान मुंबईत पेढीवर, सासरे गेलेले, घराचं आणि बागेचं सगळं माझ्या अंगावर. अशा वेळी जिला काम दोनदा सांगावं लागत नाही अशा बाईची किंमत मला कळत होती.

मुलगा अफू खातो हे तिने मला स्वतः येऊन सांगितलं. त्या वर्षी रमजान लागायच्या थोडं आधीची गोष्ट. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता, मिरकरवाड्याच्या बंदरात एका होडीवर जात असे. पाठीत उसण भरली, बरोबरच्या म्हाताऱ्या खलाशाने गोळी दिली, आणि वर्षभरात तो गोळीशिवाय उठेनासा झाला. डॉक्टरचा दाखला घेऊन परवानाही काढला होता त्याने. महिन्याची अफू दहा दिवसांत संपायची आणि मग घरातली भांडी कमी व्हायला लागायची.

"त्या खलाशाला धरायला हवं," मी म्हटलं.

"त्याला कशाला? पहिली मी दिली."

रंगूनहून येताना वाटेत मुलाला हगवण लागली होती. रक्त पडत होतं. औषध म्हणून लोकांनी अफू दिली, हगवण थांबली. मग तो रडायला लागला की ती थोडी देई, कारण रडणाऱ्या पोराला होडीत घ्यायला लोक तयार नसत. इकडे आल्यावर तिने ती सोडवली होती. "पण अंगाला ओळख होती," ती म्हणाली. "वीस वर्षांनी भेटलेला माणूस पण ओळख देतो." एवढं बोलून तिने कामाचं काढलं. तिला माझ्याकडून तीन गोष्टी हव्या होत्या: सासऱ्यांचा छोटा तराजू, एक जायफळ, आणि कुलपाची पेटी.

माझे सासरे वैद्यकी करत. मोती तोलता येतील असा त्यांचा नाजूक तराजू घरात होता, वजनाला गुंजेच्या बिया होत्या, आणि वाडीत जायफळाची दोन झाडं आहेत. तिची पद्धत अशी. त्याला रोज जेवढी अफू लागते तेवढ्या वजनाचा जायफळाचा तुकडा कापायचा. रोज सकाळी तराजूच्या एका पारड्यात तो तुकडा, दुसऱ्यात अफू. वजन झालं की तुकडा सहाणेवर उगाळायचा, फक्त दोन वेढे, आणि ते गंध कोमट दुधातून त्यालाच द्यायचं. जायफळ रोज केसभर झिजतं, म्हणून अफू रोज केसभर कमी होते. इतकी कमी, की अंगाला पत्ता लागत नाही. तिच्या आईने तिच्या मामाला असं सोडवलं होतं.

घरातली एकही जागा मुलापासून लपलेली नव्हती, म्हणून अफू माझ्या पेटीत राहायची आणि सहाण माझ्या पडवीत. हे कायद्यात बसत होतं की नाही याची मी चौकशी केली नाही. ईद झाल्यावर दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. तुकडा एकोणीस गुंजा भरला. दर शुक्रवारी ती तो गुंजांनी तोलायची आणि तेवढ्या गुंजा एका छोट्या बाटलीत घालून ठेवायची. तीन शुक्रवारांत एकोणीसाच्या सोळा झाल्या. मुलगा येत होता, गोळी घेत होता, दूध पीत होता, आणि भांडी घरात राहत होती. एकदा तर वाटेत थांबून त्याने माझ्या विहिरीचा रहाट दुरुस्त करून दिला.

मग तिच्या नवऱ्याचं पत्र आलं. तिला आपलं मराठी वाचता येत नसे, पत्रं मीच वाचून दाखवायची. मुलाचं कुणीतरी त्याला मुंबईला कळवलं होतं. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने येतो, त्याने लिहिलं होतं. तोवर मुलगा सुटला असेल तर बरं. सुटला नसेल तर मी यायच्या आत त्याला घराबाहेर काढ, नाहीतर तुम्ही दोघांनी आपली सोय बघा.

शेवटची बोट म्हणजे मे अखेर. आठवड्याला एक गुंज या चालीने सोळा गुंजांना गणपती उजाडणार होते.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"दोन वेढे," ती म्हणाली, आणि सुपलीतले काजू पाखडायला लागली.

त्याच सुमारास मिरकरवाड्याला पावसाआधीची मासळी बांधायचं काम सुरू झालं. त्यासाठी तिला पहाटे निघावं लागे, म्हणून शनिवारपासून सकाळचं वजन आणि उगाळणं तिने माझ्यावर सोपवलं. शुक्रवार तेवढा तिचा सुटीचा.

मी घाईची बाई आहे. मला गणपतीपर्यंत वाट बघणं मूर्खपणाचं वाटत होतं. घर जायची वेळ आली आहे आणि ही बाई केसाकेसाने जायफळ झिजवते आहे. शिवाय वैद्याच्या घरची सून म्हणून औषधातलं मला कळतं असा माझा समज होता. पहिल्या दिवशी मी दोनाऐवजी बारा वेढे दिले. काही झालं नाही. मग रोज बारा दिले.

मंगळवारी तो म्हणाला, "काकी, आज कमी वाटते."

"तेवढीच आहे," मी सांगितलं. पारडी त्याच्यासमोर सारखी झाली होती, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही. बुधवारी त्याचं नाक गळत होतं आणि सारख्या जांभया येत होत्या. गुरुवारी तो पोट धरून पायरीवर बसला. मी त्याला म्हटलं, पुरुषासारखा पुरुष, थोडं सहन कर. शुक्रवारी तो आला नाही.

दहाच्या सुमारास मासळीवाली आली. टोपली उतरवायच्या आधीच तिने सुरू केलं.

"गो रंगूनवाल्ये, तुझा लेक माझ्या घोवाच्या होडीखाली निजलाय. भाडं तू देणार की तो?"

रंगूनवालीने सुरी खाली ठेवली. "जिवंत आहे ना?"

"शिव्या देतो म्हणजे जिवंतच असेल."

"मग भाडं तोच देईल," ती म्हणाली. हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि निघाली. मीही मागून गेले. रातांबे तसेच राहिले, माझ्या घरी असं कधी होत नाही.

मिरकरवाड्याला होड्या वर ओढायला सुरुवात झाली होती. काही उताण्या, काही पालथ्या, त्यांना तेल फासायचं चाललं होतं. एका होडीच्या सावलीत तो गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. अंगातला सदरा घामाने भिजलेला, दातावर दात वाजत होते, आणि ऊन असं की पायाखालची वाळू सोसत नव्हती. चार-पाच माणसं तेलाचे हात थांबवून बघत होती. एकजण म्हणाला, "बर्मावाली आली, आता जादू बघा." तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती वाळूत मुलाच्या डोक्याशी बसली.

"घेतलीस?"

"हो."

"किती?"

"नखाएवढी."

"कुणी दिली?"

"नाही सांगणार, अमे." तो तिला लहानपणापासून तिकडच्याच शब्दाने आई म्हणायचा.

"नको सांगू. नख कुठलं?"

त्याने करंगळी दाखवली. तिने ती करंगळी हातात घेतली, नख नीट पाहिलं, आपल्या करंगळीच्या नखाशी लावून पाहिलं. मी समजत होते, ती आता त्याच्या थोबाडीत देईल किंवा छातीशी तरी घेईल. ती मनाशी हिशेब करत होती.

"चल," ती म्हणाली. "तेवढी आजच्यातून वजा होईल."

आणि तो उठला. धडपडत उठला, दोनदा बसला, पण उठला. मघाच्या माणसाने तेल पुसत त्याच्या दुसऱ्या काखेला हात दिला आणि रस्त्यापर्यंत पोचवलं. एवढ्या वेळात कुणी आवाज चढवला नव्हता.

माझ्या पडवीत आल्यावर तिने त्याला चटईवर निजवलं आणि तराजू काढला. शुक्रवार होता, वजनाचा दिवस. जायफळाचा तुकडा हातात घेतल्याबरोबर ती थांबली. मग एका पारड्यात तो ठेवून दुसऱ्यात एकेक गुंज टाकू लागली. दहाव्या गुंजेला पारडी सारखी झाली. बाटलीत गेल्या शुक्रवारच्या सोळा होत्या. तिने त्या सोळा माझ्यासमोर पाटावर ओतल्या.

"बारा वेढे देत होते," मी सांगितलं. "शनिवारपासून. बोटीच्या आत व्हावं म्हणून."

तिने पारड्यातल्या दहा गुंजा त्या सोळांशेजारी मांडल्या. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सहा दिवस मी तिच्या मुलाशी खोटं बोलले होते, आणि तो पोट धरून पायरीवर बसला असताना त्याला सहन कर म्हणून सांगितलं होतं.

"वैनी," ती म्हणाली, "रातांबा तुम्ही एका दिवसात वाळवता काय?"

"नाही."

"मग?"

तिने विचारलं, "दुसरं जायफळ आहे?"

मी आतून जायफळ आणलं. तिने ते अर्धं केलं, सुरीने तासत तासत सोळा गुंजांच्या वजनाला आणलं. सहा दिवस वाया गेले होते, ते तिने सोडून दिले. त्या वजनाची अफू काढली, त्यातून नखाएवढी चिमटीने बाजूला केली, राहिलेली मुलाला दिली. मग सहाण पुढे ओढून दोन वेढे दिले. पाऊण तासाने मुलाच्या अंगाचा थरकाप थांबला आणि तो झोपला. ती परत रातांब्यांना बसली. मीही बसले.

तिसऱ्या प्रहरी ती म्हणाली, "कागद घ्या. त्यांना लिहायचं आहे."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. लिहून झाल्यावर तिने वाचायला सांगितलं. मी वाचलं. 'मुलाची तब्येत सुधारत आहे, आपण काळजी करू नये,' एवढ्यावर तिने मला थांबवलं.

"हे मी नाय बोलली."

"जरा बरं दिसावं म्हणून घातलं."

"बारा वेढे नको, वैनी."

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. या वेळी तिने सांगितलं तेवढंच लिहिलं. 'मुलगा घरी आहे. अजून घेतो. रोज थोडी कमी घेतो. गणपतीपर्यंत सुटेल. तुम्ही शेवटच्या बोटीने आलात तर तो घरात दिसेल. ते बघायचं नसेल तर पावसानंतरच्या पहिल्या बोटीने या. घर तुमचं आहे. आम्ही दोघं त्यातच राहू.' खाली तिने अंगठा उठवला. तो रातांब्याने लाल होता, शाईची गरज पडली नाही.

मी माझ्या यजमानांना इतक्या वर्षांत असं एकही पत्र लिहिलेलं नाही. लिहायची वेळ आली नाही असंही नाही.

तिचा नवरा शेवटच्या बोटीने आला नाही. त्याचं उत्तरही आलं नाही, आणि तो पावसाळा तिने कसा काढला असेल ते तिचं तिला ठाऊक. मला ती रोज कामावर दिसायची. गणपतीला मुलगा सुटला नव्हता. श्रावणात एकदा तो पुन्हा घसरला, तेव्हा तिने पुन्हा नख मोजलं आणि जायफळाचा नवा तुकडा तासला. नवरात्राच्या पुढेमागे तुकडा इतका लहान झाला की तो चिमटीत धरून उगाळता येईना. तेव्हा तिने तो मुलाला सुपारीसारखा चघळायला दिला आणि माझा तराजू पुसून परत केला. नवरा त्याआधीच, पहिल्या बोटीने आला होता. बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरल्यावर त्याची ट्रंक मुलाने उचलली आणि बाप त्याच्या मागून चालत घरी गेला, असं लोक सांगतात. मी तिथे नव्हते. त्यानंतर आजतागायत मुलाने घेतलेली नाही. उद्याचं मी सांगत नाही, तीही सांगत नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या शुक्रवारी दिवे लागायच्या आधी ती घरी निघाली तेव्हा मी सहाण धुऊन फडक्यात बांधून ठेवली होती. ती आता आपली वस्तू घेऊन जाईल, असं मी धरून चालले होते. मी असते तर नेली असती.

ती फडक्याकडे बघून म्हणाली, "बांधली कशाला? उद्या मासळी आहे, मी पहाटे जाणार. तो आठला येईल."

शनिवारी सकाळी मी पत्र टपालपेटीत टाकून आले आणि फडकं सोडून सहाण पडवीत मांडली. तो आठला आला. चेहरा ओढलेला होता, पण चालत आला. मी त्याच्यासमोर वजन केलं, त्याला गोळी दिली, आणि सांगितलं की गेले सहा दिवस मी बारा वेढे देत होते आणि तेवढीच आहे म्हणून खोटं बोलत होते.

"वाटलंच, काकी," तो म्हणाला. "दूध कडू लागायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही वैद्यांच्या घरच्या."

मी जायफळ हातात घेतलं आणि त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने मोजलं, एक, दोन. तुकडा गुंजांच्या बाटलीत टाकून बूच लावलं. त्याने दूध पिऊन पेला विसळून ठेवला. मग मी टोपली पुढे ओढली आणि कालचे राहिलेले रातांबे फोडायला बसले.